मूठ मारणे

१७. मूठ : मंत्रवलेले उडीद मुठीत धरून शत्रूच्या दिशेने फेकायचे, की तो रक्त ओकून मरतो, असा समज. वऱ्हाडातल्या जुन्या मांत्रिकांच्या गोष्टींत ही मूठ म्हणजे द्वंद्वातले अस्त्रच असते. समोरचा जाणकार निघाला तर तो ती ‘परतवतो’ आणि मारणाऱ्याचाच जीव जातो. रिठद (ता. रिसोड, जि. वाशीम) येथे घडणाऱ्या प्रस्तुत कथेतला म्हातारा ‘मूठ फिरली’ म्हणतो, ते या अर्थाने.

मंत्राने कोणी मरत नाही. रक्ताच्या उलटीमागे जठरातला व्रण किंवा यकृताचा आजार असतो; क्षयात खोकल्यावाटे रक्त पडते. रात्री जमिनीवर निजलेल्याला मण्यार चावली तर दंश फारसा दुखत नाही, खूणही धड दिसत नाही. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या मिटू लागतात, श्वास अडतो. अशा वेळी मांत्रिकाकडे गेलेला वेळ प्राणावर बेततो.

मूठ खोटी असली तरी तिचा आळ खरा असतो. त्यापायी माणसांना मारहाण झाली, गाव सोडावे लागले. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी ज्यासाठी वर्षानुवर्षे लढा दिला, तो जादूटोणाविरोधी कायदा त्यांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये झाला. कोणी करणी करतो असे भासवून त्याचे जगणे मुश्कील करणे आणि सर्पदंशावर उपचार रोखून मंत्रतंत्र करणे, हे दोन्ही त्यात गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे. कथा वाचताना वाचकाने हे ध्यानात ठेवावे. — संपादक