एम्प्रेस मिल ते एम्प्रेस मॉल

भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातल्या आसगावात मॉल नाही, कधी नव्हता. तरीही नागपूरच्या एम्प्रेस मॉलचा मागोवा घ्यायचा तर वैनगंगेकाठच्या या मुलखापासूनच निघावे लागते. मॉलमध्ये सर्वांत जास्त जागा कापडाची असते, आणि आसगाव ज्या पवनीच्या छायेत वाढले ती पवनी कित्येक शतके कापडाची पेठ होती. त्याहीपूर्वी ती स्तूपांची नगरी होती. १९६९-७० साली शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या देखरेखीखाली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी येथे उत्खनन केले, तेव्हा जगन्नाथ टेकडीखाली दोन हजार वर्षांहून जुना विटांचा स्तूप सापडला. त्याच्या दगडी खांबांवर दान देणाऱ्या स्त्री-पुरुषांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत. असे खांब घडवून घेण्याइतका पैसा या गावात खेळत होता. तो शेतीतून आला तसाच नदीकाठच्या वाटांवरून चालणाऱ्या व्यापारातूनही आला असला पाहिजे.

भोसल्यांच्या काळापर्यंत आपण आलो की चित्र अधिक स्पष्ट दिसते. अठराव्या शतकात रघूजी भोसले यांनी नागपूरला राजधानीचे रूप दिले, आणि दरबाराभोवती उंची वस्त्रांची मागणी वाढली. नागपूर, उमरेड आणि पवनी या तीन ठिकाणचे कोष्टी आणि हलबा विणकर रेशीमकाठी धोतरे, उपरणी, लुगडी आणि पागोटी विणत. हा माल पुण्यापर्यंत जाई. गावातल्या साध्या गिऱ्हाइकासाठी मात्र बाजार म्हणजे आठवडी बाजार. आज आसगावच्या माणसाने आपला तांदूळ नेला, उद्या विणकराने आपले लुगडे नेले, परवा बुरडाने आपली सुपे नेली. जो विकायला आला तोच विकून झाल्यावर विकत घेणारा झाला. खुद्द नागपुरातही इतवारी, बुधवारी, मंगळवारी, शनिचरी या वस्त्या वारांच्या बाजारांभोवतीच वाढल्या. राजधानी असो वा खेडे, बाजार वाराला भरे आणि संध्याकाळी उठे. त्याला छप्पर नव्हते आणि भाडे जवळजवळ नव्हते. बाजाराचा हा गुण पुढे आपल्या कामी येणार आहे.

१८५३ मध्ये तिसरे रघूजी वारले आणि पुढच्या वर्षी डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. दरबार संपला, दरबारी गिऱ्हाईक संपले. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिकडचा कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला, आणि इंग्रजांची नजर वऱ्हाडच्या काळ्या जमिनीवर आणि हिंगणघाटच्या बनी जातीच्या कापसावर खिळली. मध्य प्रांतासाठी कापूस आयुक्त असे खास पद निर्माण झाले आणि त्यावर हॅरी रिव्हेट-कारनॅक हा अधिकारी आला. १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोहोचली. जाताना ती कापसाच्या गाठी नेई आणि येताना मँचेस्टरचे कापड आणी. देशी विणकराच्या हातचे काम सुटावे आणि त्याने शेतात कापूस पिकवावा, असा सरकारी अहवालांचा रोख होता. पवनीच्या मागांना पहिला मोठा धक्का या रेल्वेने दिला, गिरणीने नव्हे. कालक्रमात ही गोष्ट बऱ्याचदा विसरली जाते.

यानंतरचे वळण जमशेटजी नसरवानजी टाटांचे. मुंबईतली अलेक्झांड्रा मिल विकून ते लँकेशायर पाहून आले होते. मुंबईतच आणखी एक गिरणी काढण्याऐवजी त्यांनी नागपूर निवडले, कारण कापूस दाराशी होता, वरोऱ्याचा कोळसा जवळ होता, जमीन स्वस्त होती आणि सूत विकत घेणारे हजारो विणकर आसपास पसरलेले होते. १८७४ मध्ये १५ लाख रुपये भांडवलाची ‘सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ उभी राहिली. जागा मिळाली ती जुम्मा तलावाजवळची, दलदलीची. ती भरून काढायला किती माती लागली असेल याचा अंदाज एका प्रसिद्ध कथेवरून येतो. नागपूरच्या एका मारवाडी सावकाराकडे भांडवल मागितले, तेव्हा सोने जमिनीत पुरणाऱ्या माणसाला पैसे कसे द्यावेत, असे तो म्हणाला. पुढे गिरणी चालली तेव्हा त्याच सावकाराने कबूल केले की टाटांनी सोने पुरले नव्हते, माती टाकून सोने काढले होते. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत लॉर्ड लिटनने दरबार भरवून व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केले. त्याच दिवशी नागपुरात गिरणी सुरू झाली आणि तिला एम्प्रेस हे नाव मिळाले.

गिरणीचे पहिले व्यवस्थापक बेझनजी दादाभाई मेहता रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातून आले होते. त्यांना सूतगिरणीचा अनुभव नव्हता. तांत्रिक बाजू जेम्स ब्रुक्सबी या इंग्रजाकडे होती. सुरुवातीची यंत्रे स्वस्तातली निघाली आणि सूत हलके पडले. मग जमशेटजींनी यंत्रे बदलली, आणि १८८० च्या दशकात त्या काळी नवी असलेली रिंग चात्यांची पद्धत येथे आणली. आपल्याकडच्या पहिल्या संपांपैकी एक म्हणून ज्याची नोंद होते तो मजुरीच्या दरावरून झालेला संप याच गिरणीत, तिच्या पहिल्याच वर्षी, १८७७ मध्ये झाला. कामगार सलग कामावर येत नाहीत ही मालकांची तक्रार होती. तिच्यावर उपाय शोधताना १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी, १८९५ मध्ये अपघातभरपाई आणि १९०१ च्या सुमारास भविष्यनिर्वाह निधी अशा सोयी झाल्या. कायद्याने त्या सक्तीच्या होण्यापूर्वी कितीतरी वर्षे त्या या गिरणीत होत्या. पुढे गिरण्यांची संख्या पाचवर गेली. इंदोऱ्याजवळच्या बेझनबागेत बेझनजींचे नाव आजही टिकून आहे.

या गिरणीने आसगावसारख्या गावांचे काय केले, हे दोन बाजूंनी पाहावे लागते. हातसुताचा धंदा संपला. पवनीचा कोष्टी आता सूत विकत घेऊन विणू लागला आणि त्याच्या धंद्याचा कासरा सावकाराच्या हाती गेला. मात्र ज्यांचे माग थांबले, ज्यांना शेती पुरत नव्हती, ज्यांना गावात मान नव्हता, त्या घरांतली माणसे नागपूरच्या गिरण्यांत गेली. त्यांत दलित कामगार मोठ्या संख्येने होते, आणि नागपूरच्या आंबेडकरी चळवळीला गिरणीकामगारांच्या वस्त्यांनी बळ दिले. १९३० च्या दशकात आर. एस. रुईकर यांच्या नेतृत्वाखाली इथल्या कामगारांनी मोठे लढे दिले. गिरणीचा पगार इतवारीत आणि सीताबर्डीत खर्च होई. दिवाळीला गावी जाणाऱ्या माणसाच्या वळकटीत तो लुगडे आणि धोतरजोडी होऊन पवनी-भंडाऱ्याकडेही जाई. नागपूर-नागभीड नॅरोगेज या मुलखातून धावत होती, भिवापूर-उमरेडची सडक होती. २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी ती छोटी गाडी बंद होईपर्यंत इकडच्या पुष्कळ माणसांची नागपूरची वाट तीच होती.

स्वातंत्र्यानंतर एम्प्रेसच्या उतरणीची गोष्ट देशातल्या बहुतेक संयुक्त गिरण्यांसारखीच झाली. यंत्रे जुनी झाली, यंत्रमागाचे कापड स्वस्त पडू लागले, कृत्रिम धागा आला. १९८६ मध्ये टाटांची ही कंपनी मोडीत निघाली. कामगारांचे हाल होऊ नयेत म्हणून महाराष्ट्र राज्य वस्त्रोद्योग महामंडळाने गिरणी ताब्यात घेतली आणि २००२ मध्ये ती कायमची बंद झाली. सव्वाशे वर्षे चाललेला भोंगा थांबला. ज्यांनी आपला तरुणपणा साच्यावर काढला त्यांच्या थकबाकीचे प्रश्न मात्र गिरणीच्या मागे राहिले.

आता मॉलकडे वळू. व्हिक्टर ग्रुएन हा व्हिएन्नात जन्मलेला वास्तुविशारद नाझींपासून जीव वाचवून अमेरिकेत गेला. ऑक्टोबर १९५६ मध्ये मिनेसोटातल्या इडाइना येथे त्याने आखलेले साउथडेल सेंटर उघडले. पूर्ण बंदिस्त, वातानुकूलित, मध्ये चौक आणि भोवती दुकाने, अशी ती रचना होती. युरोपातल्या शहरांच्या मध्यवस्तीसारखे माणसांनी एकत्र यायचे ठिकाण त्याला हवे होते. पुढे मॉल म्हणजे मोटारतळाच्या समुद्रात उभा निव्वळ खरेदीचा डबा झाला, तेव्हा त्याने या वारशाशी आपला संबंध तोडला. भारतात ही रचना पोहोचायला चार दशके लागली. १९९९ मध्ये दिल्लीत अन्सल प्लाझा आणि मुंबईत ताडदेवला क्रॉसरोड्स उघडले. क्रॉसरोड्समध्ये सुरुवातीला इतकी गर्दी लोटली की ज्याच्याकडे क्रेडिट कार्ड किंवा मोबाइल फोन नसेल त्याच्याकडून प्रवेशशुल्क घेण्याचा नियम केला गेला. ओरड झाल्यावर तो मागे घ्यावा लागला. बाजारात शिरण्यासाठी ऐपतीचा पुरावा मागितला जाणे ही आपल्या बाजारांच्या इतिहासातली नवी गोष्ट होती, आणि ती अपमानास्पद होती असे मला ठामपणे वाटते. पुढे तोच मॉल किशोर बियाणींच्या फ्यूचर समूहाकडे जाऊन सोबो सेंट्रल झाला, हळूहळू ओस पडला आणि कोरोनाच्या काळात बंद झाला.

गिरणीच्या जमिनीवर मॉल ही मुंबईत ठरलेली वाट झाली होती. १९८२ च्या संपानंतर गिरणगाव खचले, आणि १९०५ च्या फिनिक्स मिलच्या जागी उभा राहिलेला फिनिक्सचा मॉल देशभर नमुना म्हणून पाहिला जाऊ लागला. नागपुरात एम्प्रेसची जमीन केएसएल अँड इंडस्ट्रीज या कंपनीकडे गेली. ही कंपनी मूळची वस्त्रोद्योगातलीच. तिने तेथे एम्प्रेस सिटी नावाने निवासी संकुल आणि मॉल उभारला. २०१० च्या आसपास तो नागपूरचे मोठे आकर्षण होता. सरकते जिने, थंड हवा, बहुपडदा चित्रपटगृह, काचेआडच्या तयार कपड्यांच्या ओळी. भंडारा, पवनी, उमरेडकडून दवाखान्याच्या, कॉलेजच्या किंवा कोर्टाच्या कामाला आलेली कुटुंबे संध्याकाळची बस पकडण्याआधी तिथे एक फेरी मारत. लग्नाचा बस्ता मात्र पुष्कळशा घरांनी गांधीबागेतून आणि इतवारीतूनच घेतला, कारण तिथे भाव करता येई, उधारी चाले आणि दुकानदार घराला ओळखत असे. ही नोंद महत्त्वाची आहे. मॉलच्या भरभराटीच्या दिवसांतही तिथली गर्दी पाहणाऱ्यांची जास्त आणि घेणाऱ्यांची कमी होती.

उतरण अनेक बाजूंनी आली. शहरात आणखी मॉल उभे राहिले. २०१६ मध्ये जिओची मोबाइल सेवा आली आणि आसगावच्या पारावर बसलेल्या पोराच्या हातात फोनचे दुकान आले. पुढे गावातच कुरियरच्या पिशव्या येऊ लागल्या. फेब्रुवारी २०१९ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने बँक कर्जांच्या कथित फसवणुकीच्या प्रकरणात एम्प्रेस मॉलवर टाच आणली. मालमत्तेची किंमत ४८३ कोटी रुपये सांगितली गेली. वर्षभराने कोरोनाची टाळेबंदी आली. महाराष्ट्रातले मॉल ५ ऑगस्ट २०२० ला उघडले तेही चित्रपटगृहांविना, आणि २०२१ च्या दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाले. भाडे, वीज, थंड हवा यांचा खर्च गिऱ्हाईक नसले तरी चालूच राहतो. एका दुकानाचे शटर खाली आले की शेजारच्याकडे येणारी पावलेही कमी होतात. ही गत एकट्या नागपूरची नाही. नाइट फ्रँक या मालमत्ता सल्लागार संस्थेने २०२३ मध्ये देशातल्या मोठ्या शहरांत ४० टक्क्यांहून अधिक रिकामी असलेली ६४ खरेदी केंद्रे मोजली होती. आदल्या वर्षी ती ५७ होती.

आता मागे ठेवलेली बाजाराची गोष्ट घेऊ. आठवडी बाजारात विकणारा आणि घेणारा एकच माणूस होता. गिरणीने हजारोंना मजुरी दिली, अपुरी दिली, भांडून द्यावी लागली, पण त्या मजुरीने भोवतालचा बाजार पोसला. त्याच जमिनीवरच्या मॉलने मोजक्या विक्रेत्या मुली, पहारेकरी आणि सफाई कामगार ठेवले, आणि गिऱ्हाइकाने पैसा बाहेरून मिळवून आणावा अशी अपेक्षा धरली. ज्या शहरातला आणि ज्या जिल्ह्यांतला कारखानदारीचा पगार आटला होता तेथे ही अपेक्षा फार काळ पुरी होणे शक्य नव्हते. मॉल ऑनलाइन खरेदीने मारला, असे सहज म्हटले जाते. माझ्या मते त्याआधी तो गिरणी बंद होण्याने दुबळा झाला होता. वैनगंगेकाठचे आठवडी बाजार मात्र अजून भरतात, कारण मंदीच्या दिवशी त्यांना फारसे काही भरावे लागत नाही.

१ जानेवारी २०२७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाल्याला १५० वर्षे पूर्ण होतील. या गिरणीत काम केलेली शेवटची पिढी आता उतारवयात आहे. पवनी, अड्याळ, भंडारा, आसगाव या भागांतल्या ज्या घरांत आजोबांचे हजेरीकार्ड, फंडाची पावती, युनियनचे पत्रक किंवा एम्प्रेसचा शिक्का असलेले धोतर जपलेले असेल, त्यांनी ते रद्दीत जाऊ देऊ नये. जिल्ह्याच्या ग्रंथालयात किंवा विद्यापीठाच्या इतिहास विभागात त्याची प्रत किंवा छायाचित्र द्यावे, आणि आजोबा हयात असतील तर त्यांच्याशी बोलून त्यांच्या आठवणी लिहून ठेवाव्यात.