जुनी धून ओळखणारे कोणी हवे

गाव सुटले की माणसाबरोबर काय येते? बृहन्महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपल्यासारख्या घरांना हा प्रश्न नवा नाही. आडनाव येते, कुलदैवत येते, आजीच्या हातची चव येते. पण मनातले गाणे येते का? रशियन पियानोवादक आणि संगीतकार सर्गेई रखमानिनोव यांचे आयुष्य या प्रश्नाभोवतीच फिरले.

त्यांचा जन्म १८७३ साली रशियाच्या नोव्हगोरोद प्रांतातला. घराणे जमीनदारांचे, पण वडिलांच्या हातून एकेक जमीन गेली आणि मुलाच्या वाट्याला संगीत तेवढे राहिले. मॉस्कोत निकोलाय झ्वेरेव या करड्या शिस्तीच्या गुरूंच्या घरी राहून त्यांनी शिक्षण घेतले. आपल्याकडच्या गुरुकुलाची आठवण व्हावी असाच तो प्रकार. १८९२ साली मॉस्कोच्या संगीत विद्यालयातून ते सुवर्णपदक घेऊन बाहेर पडले.

पुढचा घाव मात्र जबर होता. १८९७ च्या मार्चमध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे त्यांची पहिली सिम्फनी, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासाठीची रचना, वाजवली गेली आणि साफ पडली. समीक्षकांनी झोडपून काढले. चोविशीही न ओलांडलेल्या या तरुणाचे लिहिणे त्यानंतर जवळजवळ तीन वर्षे थांबले. अखेर १९०० साली निकोलाय दाल या डॉक्टरांच्या मानसोपचारांनी त्यांना उभारी आली. १९०१ मध्ये पुरी झालेली पियानो आणि वाद्यवृंदाची दुसरी कॉन्चेर्टो त्यांनी याच डॉक्टरांना अर्पण केली. आजही जगभर ती आवडीने ऐकली जाते. ती पहिली सिम्फनी मात्र त्यांनी हयातीत पुन्हा कधी वाजवू दिली नाही, छापलीही नाही.

त्यांच्या लेखनाचे खरे घर होते इवानोव्का. तांबोव प्रांतातली ही शेतीवाडी पत्नी नताल्याच्या माहेरची. उन्हाळा आला की ते तिकडे जात आणि लेखणी चालू लागे. १९१७ च्या क्रांतीत हे घर सुटले. त्याच वर्षी डिसेंबरात स्वीडनमधल्या कार्यक्रमांचे निमंत्रण आले. पत्नी, दोन मुली आणि थोडेसे सामान घेऊन ते निघाले आणि फिनलंडची सीमा त्यांनी बर्फावरच्या घसरगाडीतून ओलांडली. मायदेशी परतणे पुन्हा झाले नाही.

१९१८ च्या नोव्हेंबरात ते न्यूयॉर्कला उतरले तेव्हा पंचेचाळीस वर्षांचे होते. संसार चालवायचा तर पियानोच वाजवायला हवा होता. तोवर ते मुख्यतः स्वतःच्याच रचना वाजवत. आता इतरांच्या रचना नव्याने बसवून वर्षानुवर्षे गावोगाव कार्यक्रम केले. कीर्ती आली, पैसा आला. पण हिशेब पाहा: रशियात असताना क्रमांक दिलेल्या रचना ३९, आणि परदेशातल्या पंचवीस वर्षांत फक्त ६. देश गमावला तशी लिहिण्याची इच्छाही गेली, अशा अर्थाचे ते स्वतःच बोलत.

या सहांतल्या दोन रचना कुठे झाल्या, हेही पाहण्यासारखे आहे. १९३० नंतर त्यांनी स्वित्झर्लंडमध्ये ल्युसर्न सरोवराकाठी घर बांधले. सर्गेई, नताल्या आणि आडनाव यांची अक्षरे जुळवून त्याचे नाव ठेवले ‘सेनार’. तिथे इवानोव्कासारखा निवांतपणा मिळाला आणि १९३४ साली पागानिनीच्या धुनेवरची रॅप्सोडी झाली, पाठोपाठ तिसरी सिम्फनी. दुसरे महायुद्ध आले आणि १९३९ मध्ये हेही घर सुटले.

मायदेशाशी नाते सरळ नव्हतेच. १९३१ साली रवींद्रनाथ ठाकुरांनी सोव्हिएत रशियाबद्दल काढलेल्या गौरवोद्गारांना उत्तर देणारे पत्र न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रात आले. सह्या करणाऱ्यांत रखमानिनोवही होते. परिणामी रशियात त्यांच्या संगीतावर काही काळ बहिष्कार पडला. पण जर्मनीने रशियावर हल्ला केल्यावर याच माणसाने आपल्या कार्यक्रमाचे उत्पन्न रशियन सैन्याच्या मदतीसाठी पाठवले. भांडण सत्तेशी होते, मातीशी नव्हते.

१९४० मध्ये त्यांनी अमेरिकेत शेवटची रचना लिहिली, ‘सिम्फोनिक डान्सेस’. तिच्या पहिल्या भागाच्या शेवटी एक शांत धून येते. ती आहे त्याच पडलेल्या पहिल्या सिम्फनीतली. १९४१ च्या जानेवारीत फिलाडेल्फियाच्या वाद्यवृंदाने ही रचना प्रथम वाजवली, तेव्हा श्रोत्यांना ही खूण कळणे शक्यच नव्हते. मूळ सिम्फनीची वही रशियात राहून हरवली होती. रखमानिनोव २८ मार्च १९४३ रोजी बेव्हर्ली हिल्स येथे वारले. पुढे लेनिनग्राडच्या संगीत विद्यालयाच्या ग्रंथालयात त्या सिम्फनीची वादकांसाठी उतरवलेली पाने सापडली. त्यांवरून ती पुन्हा जुळवली गेली आणि १९४५ साली मॉस्कोत वाजली. तेव्हा कुठे जगाला उमगले की म्हातारपणी हा माणूस कोणती आठवण गुणगुणत होता.

आपली गोष्ट त्यांच्याइतकी कठोर नाही. आपले पूर्वज शिंदे, होळकर, गायकवाडांच्या आश्रयाने आले, तेव्हा आळीच्या आळी बरोबर आली. भजनी मंडळ आले, गणपती आला. रखमानिनोव यांच्याबरोबर चार माणसांचे कुटुंब होते. तरीही एक गोष्ट सारखीच आहे. धून मनात जपली तरी पुरत नाही, ती ओळखणारे कोणी मागे उरावे लागते. त्यांच्या बाबतीत ते काम ग्रंथालयातल्या काही पानांनी केले. आपल्या माळ्यावरच्या ट्रंकेतही आजीच्या गाण्यांची वही असेल, आजोबांची मोडीतली पत्रे असतील. यंदा गणपतीच्या सजावटीचे सामान काढायला माळ्यावर चढाल, तेव्हा ती ट्रंकही खाली उतरवा आणि घरातल्या मुलांसमोर उघडा.