१८१४ सह्यांचा अर्ज

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातल्या शेपर्टन शहरात ॲडनेट या चित्रकाराने एका भिंतीवर योर्टा योर्टा समाजाच्या दोन नेत्यांचे भव्य चेहरे रंगवले आहेत: विल्यम कूपर आणि त्यांच्या तालमीत तयार झालेले डग निकोल्स. भित्तिचित्रामुळे कूपरांचा चेहरा येणाऱ्याजाणाऱ्यांच्या ओळखीचा झाला. त्यांचे काम मात्र कागदांतूनच जुळवावे लागते, आणि त्यातला सर्वांत मोलाचा कागद हरवला आहे.

राजे पाचवे जॉर्ज यांच्या नावाने केलेला हा अर्ज. आदिवासी नामशेष होऊ नयेत, त्यांची स्थिती सुधारावी, संसदेत त्यांचा प्रतिनिधी असावा, या त्यातल्या मागण्या. राखीव वस्तीत राहणाऱ्या आदिवासींना वृद्धापकाळाचे निवृत्तिवेतन मिळत नसे. म्हणून सत्तरी ओलांडलेले कूपर कमरगंजा ही राखीव वस्ती सोडून मेलबर्नच्या फुट्सक्रे भागात राहायला आले. तिथून पत्रे धाडत त्यांनी १८१४ सह्या जमवल्या. त्यांना लिहायला-वाचायला शिकवणारे मलोगा मिशनचे शिक्षक थॉमस जेम्स मॉरिशसमध्ये भारतीय आईबापांच्या पोटी जन्मले होते. पुढे कूपरांची बहीण एडा हिच्याशी त्यांचे लग्न झाले.

१९३७ मध्ये अर्ज पंतप्रधान लायन्स यांच्याकडे पोहोचला, तेव्हा पाचवे जॉर्ज हयात नव्हते. १९३८ मध्ये मंत्रिमंडळाने तो नव्या राजाकडे न पाठवण्याचे ठरवले. राज्यांतल्या आदिवासींविषयी कायदा करण्याचा अधिकार तेव्हाच्या घटनेने केंद्राला दिलेला नव्हता, हे कारण. मूळ अर्ज पुढे कधीच सापडला नाही. मसुदा १९३३ मध्येच वर्तमानपत्रात छापून आला होता, म्हणून मागण्या कळतात. नकार सरकारी दप्तरात जपला गेला. सह्यांचा आकडा उरला, सह्या करणाऱ्यांची नावे गेली. माझ्या मते सर्वांत मोठी हानी हीच.

१९३८ मध्येच ६ डिसेंबरला कूपरांच्या ऑस्ट्रेलियन ॲबॉरिजिन्स लीगचे शिष्टमंडळ मेलबर्नच्या जर्मन वाणिज्य दूतावासावर गेले. दुसऱ्या दिवशीच्या ‘आर्गस’मधली बातमी अगदी छोटी आहे: जर्मनीतल्या ज्यू आणि ख्रिस्ती लोकांच्या छळाचा निषेध करणारा ठराव घेऊन ते गेले, त्यांना आत घेतले नाही, पत्र तिथे ठेवून ते परतले. स्वतःचा अर्ज अडवला गेला त्याच वर्षी या माणसांनी परक्या देशातल्या पीडितांसाठी दार ठोठावले. त्या चार ओळींचे मोल मी फार मानतो.

कूपर १९४१ मध्ये वारले. २०१४ मध्ये त्यांच्या नातवाने अर्जाची नव्याने तयार केलेली प्रत गव्हर्नर जनरलांच्या हाती दिली, पाचव्या जॉर्जच्या नातीला, राणी एलिझाबेथ यांना पाठवण्यासाठी.