वावडें आणि कुत्र्याची निवड

अकोट हें कापसाचें आणि सतरंज्यांचें गांव. तेथील एखाद्या घरांत कोणास दमा असला आणि मुलांनीं कुत्र्याचा हट्ट धरला, म्हणजे कोणीतरी जाणता सुचवितो कीं, केंस न गळणाऱ्या जातीचें आणा.

अशा वावड्यास ‘अ‍ॅलर्जी’ हें नांव व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के या डॉक्टरांनीं १९०६ सालीं दिलें. ‘निर्दोष’ कुत्र्याची कीर्ति मात्र पुष्कळ मागाहून, ऑस्ट्रेलियांतून पसरली. हवाई बेटांवरील एका दृष्टिहीन बाईंस वाटाड्या कुत्रा हवा होता आणि त्यांच्या पतीस कुत्र्यांचें वावडें होतें. वॉली कॉन्रन यांनीं ३३ पूडल पारखून नाकारले. अखेर १९८९ च्या सुमारास त्यांनीं लॅब्रडॉर व पूडल यांचा संकर केला आणि तीन पिलांची लाळ व केंस हवाईला धाडले. एका आईचीं तीन पिलें, आणि त्या गृहस्थास सोसलें एक! बाजारानें मात्र सारी जातच निर्दोष ठरविली.

वावडें मुळीं केंसांचें नव्हे. तें लाळेंतील व कातडीच्या कोंड्यांतील प्रथिनांचें. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन पाहणींत १७३ घरांची धूळ तपासली, तों या नांवाजलेल्या जातींच्या घरांतहि तीं प्रथिनें कमी आढळलीं नाहींत.

तेव्हां तोकड्या केंसांचा कारवान असो, झुपकेदार कानांचा पश्मी असो कीं गल्लींतला गांवठी. डॉक्टरांच्या सल्ल्यानें रुग्णानें त्याच कुत्र्याजवळ दोनचार वेळां बराच वेळ बसून पाहावें. निजण्याच्या खोलींतील सतरंजी मात्र आधींच उचलावी. कोंडा तिच्या विणींत मुरून राहतो.