यरुशलेमाभिमुख प्रार्थना आणि सिनेगॉगची रचना

यहुदी धर्मातील प्रार्थनेची दिशा ही वस्तुतः दिशा नव्हे. ते एक स्थान आहे. पूर्व किंवा पश्चिम या दिशांना तेथे स्वतःचे असे पावित्र्य नाही. उपासक पृथ्वीवर कोठेही असो, त्याचे मुख यरुशलेमकडे असावे एवढीच अपेक्षा आहे. ही कल्पना साधी दिसते. परंतु तिला वास्तूचे रूप देताना ज्या अडचणी उद्भवल्या, त्यांच्या इतिहासातून धर्मनियम आणि प्रत्यक्ष आचार यांच्या परस्परसंबंधावर बराच प्रकाश पडतो.

या प्रथेचे मूळ हिब्रू शास्त्रात आहे. मंदिराच्या समर्पणप्रसंगी शलमोन राजाने केलेल्या प्रार्थनेत, परदेशी बंदिवासात पडलेले लोकही आपला देश, नगर व मंदिर यांच्याकडे वळून प्रार्थना करतील, असा उल्लेख येतो. दानीएलाच्या ग्रंथात, बाबेलमध्ये राहणारा दानीएल यरुशलेमच्या बाजूस उघडणाऱ्या खिडक्यांपाशी दिवसातून तीन वेळा प्रार्थना करीत असल्याचे वर्णन आहे. इ. स. ७० मध्ये रोमनांनी मंदिराचा विध्वंस केल्यावर या प्रथेला नवे महत्त्व आले. जेथे जाऊन यज्ञ करावयाचा ते स्थान उरले नाही. तेव्हा त्या स्थानाकडे मुख करणे हाच त्याच्याशी असलेला संबंध राहिला.

इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नेत या नियमाची मर्यादाही सांगितली आहे. गाढवावर बसलेल्या प्रवाशाने खाली उतरून प्रार्थना करावी. उतरणे शक्य नसल्यास तोंड वळवावे. तेही शक्य नसल्यास अंतःकरण परमपवित्रस्थानाकडे लावावे. तोसेफ्ता व बाबिलोनी तालमूद यांतील परंपरा याच सूत्राचा विस्तार करतात. परदेशस्थाने इस्राएल देशाकडे, त्या देशातील रहिवाशाने यरुशलेमकडे, नगरवासीयाने मंदिराकडे आणि मंदिरात उभ्या असलेल्याने परमपवित्रस्थानाकडे वळावे. अशा रीतीने पूर्वेकडचे लोक पश्चिमेस व उत्तरेकडचे दक्षिणेस पाहतात आणि सर्वांची अंतःकरणे एका स्थानी मिळतात. तालमूदात याहून वेगळी मतेही नोंदली आहेत. ईश्वराचे सान्निध्य सर्वत्र आहे, म्हणून कोणतीही दिशा चालेल, असे काही आचार्यांचे म्हणणे होते. इतर काहींच्या मते ते सान्निध्य पश्चिमेस होते.

व्यक्तीच्या दृष्टीने प्रश्न एवढ्यावर सुटतो. वास्तूच्या दृष्टीने तो येथूनच सुरू होतो. कारण तोसेफ्तेतच दुसरा एक नियम आहे : सिनेगॉगचे दरवाजे पूर्वेकडेच उघडावेत. अरण्यातील निवासमंडपाचे द्वार पूर्वेस होते, हा त्याचा आधार. यरुशलेमच्या पूर्वेस राहणाऱ्या समाजाला हे दोन्ही नियम एकदम पाळता येतात. युफ्रातिस नदीकाठच्या दुरा-युरोपोस येथे १९३२ साली उजेडात आलेले सिनेगॉग हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. इ. स. २४४-४५ मध्ये नूतनीकरण झालेल्या या सभागृहाचा मुख्य दरवाजा पूर्वेच्या भिंतीत असून तोरेच्या गुंडाळ्यांसाठी केलेला कोनाडा पश्चिमेच्या भिंतीत आहे. आत येणारा मनुष्य सरळ समोर पाहतो, तोच त्याचे मुख यरुशलेमच्या दिशेस होते. परंतु यरुशलेमच्या पश्चिमेस राहणाऱ्यांनी काय करावे? त्यांनी दरवाजा पूर्वेस ठेवला, तर प्रार्थनाही दरवाजाकडेच तोंड करून करावी लागते.

गालीलमधील अवशेषांत ही अडचण प्रत्यक्ष दिसते. कफर्णहूम, खोराझिन व बारआम येथील सिनेगॉगांचे शोभिवंत दर्शनी भाग दक्षिणेस, म्हणजे यरुशलेमकडे आहेत आणि प्रवेशद्वारेही त्याच बाजूस आहेत. आत आलेल्या उपासकाला मागे वळून, आपण ज्या दरवाजातून आलो त्याकडेच तोंड करून उभे राहावे लागे. याउलट, १९२९ साली सुकेनिक यांनी उत्खनन केलेल्या बेथ आल्फा येथे दरवाजे उत्तरेस असून दक्षिणेच्या भिंतीत अर्धवर्तुळाकार गर्भभाग आहे. हेब्रोनच्या दक्षिणेस असलेल्या एश्तमोआ व सुसिया येथे तिसराच मार्ग दिसतो. तेथून यरुशलेम उत्तरेस येते. म्हणून तोराकोशाची जागा उत्तरेच्या लांब भिंतीत आहे आणि दरवाजे मात्र तोसेफ्तेच्या नियमाप्रमाणे पूर्वेस आहेत. दोन्ही नियम पाळले गेले. परंतु प्रवेशाचा अक्ष व प्रार्थनेचा अक्ष काटकोनात आले.

या तीन प्रकारांवरून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एक सुबक विकासक्रम मांडण्यात आला. दर्शनी भाग यरुशलेमकडे असलेल्या वास्तू दुसऱ्या-तिसऱ्या शतकातील, रुंद सभागृहे संक्रमणकाळातील व गर्भभाग असलेल्या वास्तू पाचव्या-सहाव्या शतकातील, असे मानले गेले. तोराकोश प्रथम हलविता येण्याजोगा होता, पुढे तो भिंतीत कायमचा स्थिर झाला आणि म्हणून दरवाजा समोरच्या बाजूस गेला, अशी त्याची उपपत्ती होती. उपपत्ती तर्कशुद्ध होती. परंतु पुराव्यापुढे ती टिकली नाही. १९६८ पासून कोर्बो व लोफ्रेदा यांनी कफर्णहूम येथे केलेल्या उत्खननात फरसबंदीच्या खाली चौथ्या-पाचव्या शतकांतील नाणी विपुल सापडली. 'आद्य' मानलेली वास्तू अशा रीतीने उत्तरकालीन ठरली. गालीलमधीलच खिर्बेत शेमा येथील १९७० नंतरच्या उत्खननाने, रुंद सभागृहाचा प्रकार इतर प्रकारांच्या शेजारीच नांदत होता, हे दाखविले. म्हणजे जे तीन टप्पे मानले गेले, ते पुष्कळ अंशी एकाच प्रश्नाची समकालीन उत्तरे होती.

त्याआधीचा काळही लक्षात घेतला पाहिजे. मसादा व गामला येथील मंदिरविध्वंसापूर्वीच्या सभागृहांत भिंतींलगत बसण्याच्या पायऱ्या असून सर्वांची दृष्टी मध्याकडे लागते; यरुशलेमकडील भिंतीस कायमचे तोरास्थान नाही. ती स्थाने मुख्यतः वाचनाची व सभेची होती. वास्तूला यरुशलेमाभिमुख करणारी प्रेरणा मंदिराच्या अस्तित्वातून जेवढी आली नाही, तेवढी त्याच्या अभावातून आली, असे यावरून म्हणता येते.

दरवाजाच्या नियमाचा निकाल मध्ययुगीन धर्मशास्त्रज्ञांनी लावला. बाराव्या शतकात मैमोनिदीस यांनी पूर्वद्वाराचा नियम जसाच्या तसा ठेवला. तोराकोश प्रार्थनेच्या दिशेस व वाचनपीठ सभागृहाच्या मध्यभागी असावे, असेही त्यांनी सांगितले. परंतु १५६५ साली प्रथम छापल्या गेलेल्या योसेफ कारो यांच्या 'शुल्हान आरुख' या संहितेत नियमाचा अर्थ बदललेला दिसतो. दरवाजा प्रार्थनेच्या दिशेसमोर असावा. लोक पश्चिमेकडे वळून प्रार्थना करीत असतील, तर तो पूर्वेस असावा. 'पूर्व' ही स्थिर दिशा न राहता सापेक्ष झाली आणि दोन नियमांतील विरोध संपला. शब्द सोडून हेतू राखण्याचे हे एक लक्षणीय उदाहरण आहे.

प्रार्थनेचे केंद्र एक आणि दिशा अनेक, ही गोष्ट महाराष्ट्रातील उदाहरणाने स्पष्ट होते. युरोपातील यहुदी घरांत पूर्वेच्या भिंतीवर लावल्या जाणाऱ्या फलकास 'मिझराह', म्हणजे पूर्व, असे नाव पडले. मराठी भाषा बोलणाऱ्या बेने इस्राएल समाजाला मात्र यरुशलेम पश्चिमेस आहे. सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईत स्थापन केलेल्या सिनेगॉगपासून या समाजाच्या प्रार्थनामंदिरांत तोरेचे 'हेखाल' पश्चिमेच्या बाजूस असते व वाचनपीठ मध्यभागी असते. पोलंडमधील व कोकणातील उपासक परस्परांच्या विरुद्ध दिशांना तोंड करून उभे राहतात आणि तरीही एकाच नियमाचे पालन करतात.

सारांश, सिनेगॉगचे दिङ्मुख हे त्याच्या काळाचे निर्णायक गमक मानता येत नाही. वास्तूचा काळ थरांतील नाणी व मृद्भांडी यांवरून ठरवावा लागतो. दिङ्मुखावरून कळते ते वेगळेच : त्या समाजाने वारशाने आलेल्या दोन आज्ञांपैकी कोणती प्रधान मानली आणि दुसरीला कोठे जागा दिली. कारो यांच्या संहितेत जी तडजोड सूत्ररूपाने आली, तिच्याशी मिळतीजुळती रचना बेथ आल्फाच्या गवंड्यांनी सुमारे एक सहस्र वर्षे आधी दगडात केली होती.