तरंगमार्गदर्शक

सूक्ष्मतरंगांची ऊर्जा कमीत कमी घटीने एका ठिकाणाहून दुसरीकडे नेणारी धातूची पोकळ नळी. तारेतून वाहणाऱ्या विद्युत्‌ प्रवाहाची कंप्रता, म्हणजे दर सेकंदाला होणाऱ्या आंदोलनांची संख्या, जसजशी वाढते, तसतसा तो तारेच्या सबंध जाडीतून न वाहता पृष्ठालगतच्या थरात आक्रसतो. यास त्वचा-परिणाम म्हणतात. घरगुती ५० हर्ट्‌झच्या प्रवाहासाठी तांब्यातील हा थर सुमारे ९ मिमी. असतो, तर १० गिगॅहर्ट्‌झला तो मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ होतो. मध्ये तार व तिच्याभोवती धातूचे आवरण असलेल्या कोॲक्सियल केबलने सूक्ष्मतरंग नेल्यास, तिच्या बारीक मध्यतारेला परीघच थोडा असल्याने तेथे ऊर्जेची उष्णता होते आणि तारेभोवतीचे प्लॅस्टिकही काही ऊर्जा शोषते. तरंगमार्गदर्शकात मध्यतार आणि प्लॅस्टिक दोन्ही नसतात. तरंग आतल्या हवेतून जातो व प्रवाह फक्त भिंतींच्या आतील पृष्ठावर राहतो. म्हणूनच हे पृष्ठ गुळगुळीत करून कित्येकदा त्यावर चांदीचा मुलामा देतात, आणि ओल शिरू नये म्हणून उघड्यावरच्या नळीत किंचित दाबाने कोरडी हवा भरतात.

आयताकृती नळीची रुंदी तरंगलांबीच्या निम्म्याहून कमी असेल, तर तरंग तीतून पुढे सरकतच नाही. रडारमध्ये रुळलेली २२.८६ × १०.१६ मिमी. अंतर्मापाची नळी सुमारे ६.५६ गिगॅहर्ट्‌झखालील तरंग अडवते. १० गिगॅहर्ट्‌झला मात्र, ती तांब्याची असल्यास, दर मीटरला जेमतेम अडीच टक्के ऊर्जा घटते. याच नियमाने एफएम रेडिओच्या १०० मेगॅहर्ट्‌झसाठी दीड मीटरहून रुंद नळी लागेल, त्यामुळे तेथे केबलच सोयीची.

लॉर्ड रॅली यांनी १८९७ मध्ये या नळ्यांचे गणित मांडले. त्याच दशकात जगदीशचंद्र बोस कलकत्त्यात मिलिमीटरी तरंगांच्या प्रयोगांत नळ्या वापरत होते. पुढे विषय जवळपास विस्मरणात गेला आणि १९३६ मध्ये अमेरिकेत जॉर्ज साउथवर्थ व विल्मर बॅरो यांनी तो स्वतंत्रपणे पुन्हा उभा केला.

वर्तुळाकार नळीतील एका विशिष्ट तरंगरचनेत कंप्रता वाढली की घट उलट कमी होते. या विलक्षण गुणावर विसंबून बेल प्रयोगशाळेने १९७० च्या दशकात न्यू जर्सीत ६० मिमी. व्यासाच्या, सुमारे १४ किमी. लांबीच्या नळीची चाचणी घेतली. चाचणी यशस्वी झाली, तरी सरळ रेषेत काटेकोरपणे पुरावी लागणारी अशी नळी प्रकाशीय तंतूपुढे व्यवहारात टिकणे शक्य नव्हते. आता तरंगमार्गदर्शक आखूड अंतरांसाठी, मुख्यतः रडार व उपग्रह भूकेंद्रांत, वापरतात. मायक्रोवेव्ह ओव्हनच्या आतील बाजूस दिसणाऱ्या अभ्रकाच्या पातळ पत्र्यामागेही मॅग्नेट्रॉन या सूक्ष्मतरंग निर्माण करणाऱ्या नलिकेकडून येणारी अशीच वीतभर नळी असते.