पासोडी, पोथी आणि पडदा

बीड जिल्ह्यांतील आंबेजोगाई येथें दासोपंतांनीं (१५५१–१६१५) सुमारें ४० फूट लांब व ४ फूट रुंद अशा कापडी पासोडीवर पंचीकरणाचा विषय लिहून ठेविला. पासोडीवर एक मजकूर दुसऱ्यास झांकीत नाहीं. परंतु तिला जागा फार लागते. पोथीची गोष्ट उलट. तिचीं सुटीं पानें एकावर एक रचिलेलीं असतात. जागा थोडी पुरते, पण वाचावयास मिळतें तें केवळ वरचें पान. संगणकाच्या पडद्यावरील खिडक्यांचा इतिहास हा या दोन रीतींमधील निवडीचाच इतिहास होय.

अमेरिकेंत पालो आल्टो येथील झेरॉक्स कंपनीच्या संशोधनशाळेंत १९७३ सालीं ‘आल्टो’ हें यंत्र तयार झालें. त्यावर ॲलन के, डॅन इंगॉल्स आदि मंडळींनीं ‘स्मॉलटॉक’मध्यें एकमेकींवर चढणाऱ्या खिडक्या मांडून दाखविल्या. ही पोथीची रीत. तथापि त्याच कंपनीनें १९८१ सालीं विक्रीस काढलेल्या ‘स्टार’ यंत्रांत खिडक्या शेजारीं शेजारीं ठेविल्या. मायक्रोसॉफ्टच्या १९८५ च्या पहिल्या ‘विंडोज’नेंहि तेंच केलें. ही पासोडीची रीत. लहान पडद्यावर ती टिकली नाहीं, आणि १९८७ च्या दुसऱ्या आवृत्तींत खिडक्या एकमेकींवर चढल्या.

मग प्रश्न असा कीं, झांकलेलें चित्र कोणीं लक्षांत ठेवावयाचें? १९८४ च्या मॅकिंटॉशजवळ अवघी १२८ किलोबाइट मेमरी होती. म्हणून झांकलेला भाग पुसला जाई, आणि वरची खिडकी सरतांच तो पुन्हां काढण्याचें काम त्या त्या प्रोग्रामवर येई. खिडकीचा जेवढा भाग उघडा तेवढाच चितारण्याची युक्ति ॲपलच्या बिल ॲटकिन्सन यांनीं शोधिली. झेरॉक्समध्यें ती आपण पाहिली असा त्यांचा समज होता. वास्तविक ती तेथें नव्हतीच! पुढें मेमरी स्वस्त झाली. २००१ च्या मॅक ओएस टेननें व २००७ सालीं बाजारांत आलेल्या विंडोज व्हिस्टानें प्रत्येक खिडकी मेमरींत पूर्ण ठेवून मग पडद्यावर एकत्र जुळविण्याची रीत रूढ केली.

मेनू हा मात्र पाहुणा. तो येतो, सर्वांच्या वर बसतो आणि निवड होतांच निघून जातो. पासोडीच्या पक्षपात्यांनाहि त्याला वर चढूं द्यावें लागलें. १९८४ सालीं एमआयटी येथें निघालेल्या ‘एक्स’ पद्धतींत खिडक्यांचा क्रम राखण्यास स्वतंत्र व्यवस्थापक असतो. परंतु मेनूला त्याची परवानगी लागत नाहीं. येथेंच धोका आहे. माउसची टिचकी नेहमीं वरच्या खिडकीसच लागते. म्हणून खऱ्या खिडकीवर खोटी येऊन बसली, तर गुप्त शब्दहि परक्याच्या हातीं पडावयाचा. २००८ सालीं आरंभिलेल्या ‘वेलँड’ पद्धतींत मेनूला आपण कोणत्या खिडकीचे हें सांगावें लागतें.

श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावें तें इतकेंच: पोथींतील झांकलेलें पान हरवत नाहीं, खालीं असतें. परंतु सर्वांत वर कोणीं बसावें हा अधिकार ज्यास दिला, त्याच्यावर विश्वासहि टाकला असें होतें.